फ्रान्झ एर्हार्ड वाल्टर: वापरावे लागणारे शिल्प आणि हॅम्बुर्गमधला वर्ग

शिल्परेषा (धागाकर्ती)

नमस्कार. मी शिल्पकलेच्या पदविका अभ्यासक्रमाला शिकवते आणि पुढच्या सत्रात 1960 नंतरच्या युरोपीय शिल्पकलेवर चार-पाच व्याख्याने देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की योजेफ बॉइस यांच्यापासून सुरुवात होते आणि पुष्कळदा त्यांच्यापाशीच शेवटही होतो. ह्या वेळी मला त्यांच्याच काळातले दुसरे जर्मन शिल्पकार, फ्रान्झ एर्हार्ड वाल्टर, विद्यार्थ्यांसमोर सविस्तर मांडायचे आहेत. त्यांची कारकीर्द ढोबळपणे मला माहीत आहे: 1939 साली फुल्डा येथे जन्म, ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिक्षण, काही वर्षे न्यूयॉर्कमध्ये वास्तव्य, 1971 ते 2005 अशी 34 वर्षे हॅम्बुर्गच्या ललित कला महाविद्यालयात प्राध्यापकी, आणि 2017 साली व्हेनिस बिएनाले ह्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात सर्वोत्तम कलावंताचा सुवर्णसिंह पुरस्कार.

माझ्या दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की त्यांच्या 'पहिला कृतिसंच' ह्या प्रमुख कामाची (प्रेक्षकांनी हाताळायच्या, अंगावर घ्यायच्या शिवलेल्या वस्तूंचा हा संच) छायाचित्रे दाखवली की विद्यार्थ्यांना फळीवर रचलेल्या कापडाच्या घड्या दिसतात, किंवा मैदानात कापडाच्या पट्ट्यांत अडकून स्तब्ध उभी असलेली माणसे दिसतात, आणि ह्यातले शिल्प नेमके कोणते, असा अगदी रास्त प्रश्न ते विचारतात. माती, प्लास्टर आणि ब्राँझ यांत तीन वर्षे घालवणाऱ्या मुलांना ह्याचे उत्तर केवळ 'संकल्पना महत्त्वाची' एवढ्यावर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दुसरी अडचण त्यांच्या अध्यापनाविषयी आहे. मार्टिन किपेनबर्गर, जॉन बॉक, क्रिस्तियान यांकोव्स्की आणि सांतियागो सिएरा ही नावे त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये घेतली जातात, परंतु ह्यांपैकी एकाचेही काम वाल्टर यांच्यासारखे दिसत नाही. मग त्यांनी शिकवले म्हणजे काय केले, असे समजायचे? ज्यांनी त्यांचे काम प्रत्यक्ष पाहिले किंवा अभ्यासले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तररंग

आपला पहिला प्रश्न मला अधिक जवळचा आहे, म्हणून त्याच्यावरच लिहितो. विद्यार्थ्यांना 'पहिला कृतिसंच' एकदम दाखवण्याऐवजी वाल्टर तिथे कसे पोहोचले ते क्रमाने दाखवावे असे मी सुचवेन, कारण तो क्रम पाहिला की कापड अचानक आल्यासारखे वाटत नाही.

ऑफेनबाखच्या कारागिरी विद्यालयात शिकत असताना, 1957-58 च्या सुमारास, त्यांनी कागदावर केवळ एकेक शब्द रंगवलेली चित्रे केली. शब्द वाचल्यावर उरलेले चित्र पाहणाऱ्याने स्वतःच्या मनात घडवायचे, ही अपेक्षा तिथेच दिसते. त्याच काळात त्यांनी स्वतःचे शरीर शिल्प म्हणून उभे करून छायाचित्रेही काढून घेतली. पुढे फ्रँकफर्टच्या श्टेडेल विद्यालयात त्यांचा जम बसला नाही आणि 1962 साली ते ड्युसेलडॉर्फला कार्ल ओटो ग्योट्स यांच्या वर्गात आले. ग्योट्स हे मुक्त, अनाकार शैलीचे चित्रकार होते. गेरहार्ड रिश्टर आणि सिगमार पोल्के त्याच वर्गात शिकत होते, आणि बॉइस आदल्याच वर्षी त्या अकादमीत शिल्पकलेचे प्राध्यापक झाले होते. ह्या वातावरणात वाल्टर कागदाचे थर एकमेकांवर चिकटवत होते, मधे हवा कोंडून त्या कागदांना उशीसारखा फुगीरपणा देत होते, डाग आणि ओल यांना त्यांचे काम करू देत होते. आकार हाताने घडवण्यापेक्षा पदार्थाने स्वतः घडावा, ही त्यामागची इच्छा होती. परंतु चिकटवलेला कागद हाताळला की फाटतो. शिवलेले कापड हाताळता येते, दुमडता येते, अंगावर घेता येते आणि पुन्हा घडी घालून ठेवता येते. 1963 साली ते शिवणीकडे वळले, ते मला वाटते ह्याच कारणासाठी.

'पहिला कृतिसंच' 1963 ते 1969 ह्या काळात तयार झाला. त्यात 58 वस्तू आहेत आणि त्या मुख्यतः मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडाच्या, काही ठिकाणी आत फोम भरलेल्या अशा आहेत. त्यांची शिवण वाल्टर यांच्या पत्नी योहाना यांनी केली. हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे, कारण ज्या कामात शिवणीला ओतकामाइतकेच महत्त्व आहे, त्यात शिवणारा हात अनुल्लेखित राहणे बरोबर नाही.

आता एखादी वस्तू प्रत्यक्ष घेऊन पाहू. 1968 सालच्या एका कामात कापडाच्या रुंद पट्टीचे मोठे कडे आहे. दोन व्यक्तींनी समोरासमोर उभे राहून ते आपापल्या डोक्यांमागून घ्यायचे आणि पट्टी ताणली जाईपर्यंत मागे सरायचे. पट्टीच्या दोन भिंतींमुळे बाजूचे सर्व दिसेनासे होते आणि समोरच्या माणसाचा चेहरा तेवढा उरतो. एकाने मान सैल सोडली तर दुसऱ्याचा तोल जातो, म्हणून दोघांनाही एकमेकांचे वजन सतत जोखावे लागते. ह्या स्थितीत ताण आहे, भार आहे, अंतर आहे, पोकळी आहे, आणि किती वेळ उभे राहायचे ह्याचा निर्णयही आहे. शिल्पकार मातीत ज्या गोष्टींचा विचार करतो त्या सगळ्या इथे आहेत आणि त्या माणसाच्या अंगात घडत आहेत. वाल्टर काल, अवकाश, शरीर, भाषा आणि स्मृती यांनाही शिल्पाचे द्रव्य मानतात, ते ह्या अर्थाने.

म्हणून 'शिल्प कुठे आहे' ह्या प्रश्नाला मी असे उत्तर देईन, की कापड हे साधन आहे आणि त्या दोघांमध्ये तेवढा वेळ जे उभे राहते ते शिल्प आहे. अर्थात घडी घालून ठेवलेले कापडही वाल्टर यांना कमी दर्जाचे वाटत नाही. साठवणीतली अवस्था आणि वापरातली अवस्था ह्या दोन्हींना ते कामाचीच रूपे मानतात. घडीत ठेवलेल्या कामापुढे उभे राहून पाहणारा माणूस ते मनात उलगडू शकतो. बंद पुस्तकही पुस्तकच असते, तसे हे आहे.

1967 ते 1971 ही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काढली. तिथल्या आधुनिक कला संग्रहालयात 1969 च्या अखेरीस 'स्पेसेस' हे प्रदर्शन सुरू झाले. त्यात डॅन फ्लेव्हिन, रॉबर्ट मॉरिस, लॅरी बेल आणि मायकेल ॲशर यांच्यासोबत वाल्टरही होते आणि त्यांच्या दालनात प्रेक्षकांनी वस्तू हाताळणे हाच प्रदर्शनाचा भाग होता. बर्न येथे हाराल्ड झेमान यांनी 1969 साली भरवलेल्या गाजलेल्या प्रदर्शनातही ते होते, आणि पुढे 1972, 1977, 1982 व 1987 अशा सलग चार डॉक्युमेंटा प्रदर्शनांत त्यांचे काम कासेलमध्ये मांडले गेले.

कोरीपाटी

उत्तररंग यांचे विवेचन मला पटते, तरीही एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते, कारण शिल्परेषा यांचे विद्यार्थीही तो घेतील आणि घ्यायलाच हवा.

ज्या वस्तू वापरण्यासाठीच शिवल्या गेल्या, त्या आज बहुतेक संग्रहालयांत प्रेक्षकाला हात लावता येईल अशा स्थितीत नसतात. साठ वर्षांपूर्वीचे सुती कापड घामाने, धुळीने आणि ताणाने विरते, त्यातला फोम झिजून भुकटी होऊ लागतो, आणि संग्रहालयाचे पहिले कर्तव्य जतन हे असते. परिणामी मूळ वस्तू साठवणीच्या अवस्थेत मांडल्या जातात आणि वापरासाठी नव्याने शिवलेल्या प्रदर्शन-प्रती ठेवल्या जातात. अनेकदा तो वापरही ठरावीक वेळी, प्रशिक्षित व्यक्तींकडून करवून घेतला जातो आणि प्रेक्षक भोवती उभे राहून पाहतात. असे झाले की जे काम प्रेक्षकाला पाहणाऱ्याच्या भूमिकेतून बाहेर काढण्यासाठी होते, तेच त्याला पुन्हा त्या भूमिकेत नेऊन बसवते. त्यात नाट्यप्रयोगाची गोडी असेल, पण जो मागे सरून पट्टी ताणत नाही त्याला तो ताण कळत नाही. म्युनिकच्या हाउस डेर कुन्स्टमध्ये 2020 साली त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले तेव्हा तर महासाथीमुळे एकमेकांच्या जवळ उभे राहणेच धोक्याचे झाले होते.

हाच पेच ब्राझीलच्या दोन कलावंतांच्या वाट्यालाही आला. एल्यू ओइतिसिका यांनी 1964 पासून अंगावर घालून नाचण्यासाठी कापडाच्या झुली केल्या. लिजिया क्लार्क यांनी हाताने उघडमीट करायची धातूची शिल्पे 1960 च्या सुमारास केली आणि नंतर त्या पूर्णपणे शरीराच्या स्पर्शानुभवाकडे वळल्या. ह्या दोघांच्या मूळ वस्तूही आता बहुधा काचेआड किंवा दोरीपलीकडे असतात. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांच्या कामाचा आधार न घेता, हाच विचार उगवला ही गोष्ट व्याख्यानात यावी असे मला फार वाटते. एरवी विद्यार्थी सगळे श्रेय ड्युसेलडॉर्फच्या हवेला देतील.

माझे म्हणणे एवढेच, की वाल्टर यांच्या कामाची थोरवी सांगताना त्याचे हे दुबळेपण झाकू नये. ब्राँझची मूर्ती पाहणाऱ्यावाचूनही टिकते, आणि हे काम वापरणाऱ्यावर इतके अवलंबून आहे की संस्थेने हात आखडता घेतला तर ते अर्धे उरते.

एल्बकाठ

मी हॅम्बुर्गमध्ये राहतो आणि कलाशिक्षण हा माझ्या आस्थेचा विषय आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

प्रथम तिथल्या पद्धतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडच्या वार्षिक अभ्यासक्रमाची कल्पना मनात ठेवली तर वाल्टर यांचे अध्यापन समजणार नाही. जर्मन कला अकादमीत प्राध्यापकाचा एक वर्ग असतो आणि त्यात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकत्र बसतात. आपापले काम आणून ठेवायचे आणि सर्वांनी मिळून त्यावर बोलायचे, हा त्या वर्गाचा गाभा असतो. लेर्शेनफेल्ड येथील फ्रिट्स शूमाखर यांनी बांधलेल्या इमारतीत 1971 पासून वाल्टर यांचा असा वर्ग होता. विद्यार्थी एकाहून अधिक प्राध्यापकांकडे जात असत. सांतियागो सिएरा तिथे शिकत असताना वाल्टर यांच्याखेरीज बेर्नहार्ड योहान्स ब्लूमे आणि स्टॅनली ब्राउन यांच्याकडेही शिकले. ब्राउन म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला वाट विचारून त्याच्याकडून कागदावर नकाशा काढून घेणारे आणि तो कागद हेच आपले काम मानणारे कलावंत. एकाच छपराखाली असे शिक्षक असल्यावर कोणा एकाची शैली उचलणे कठीणच होते.

बॉइस यांच्याशी तुलना इथे उपयोगी पडते. बॉइस यांनी अध्यापनालाच आपली सर्वांत मोठी कलाकृती मानले. प्रत्येक माणूस कलावंत आहे ह्या भूमिकेवरून त्यांनी प्रवेशाची मर्यादा नाकारली, 1971 साली नाकारले गेलेले 142 अर्जदार आपल्या वर्गात घेतले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच वाद पेटून त्यांनी विद्यार्थ्यांसह अकादमीच्या कार्यालयात ठाण मांडले तेव्हा मंत्री योहान्नेस राऊ यांनी ऑक्टोबर 1972 मध्ये त्यांना बडतर्फ केले. हा लढा धैर्याचा होता आणि मला त्याच्याविषयी आदर आहे. परंतु त्या सगळ्या घटनाक्रमाच्या मध्यभागी बॉइस हे व्यक्तिमत्त्व आहे. त्यांचा 1970 सालचा फेल्टचा (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा) सूट पाहा. तो त्यांच्या स्वतःच्या सूटवरून बेतलेला आहे, शंभर प्रतींच्या आवृत्तीत निघाला, आणि भिंतीवर हँगरला टांगलेला असतो. तो पाहताना आपण बॉइस यांचाच विचार करतो. वाल्टर यांच्या कापडात कोणाचेही डोके बसते आणि ते घातल्यावर वाल्टर यांचा विचार करायला सवड राहत नाही, कारण समोरचा माणूस मागे ओढत असतो.

मला वाटते त्यांच्या वर्गाचे मर्मही इथेच आहे. ज्या कलावंताने स्वतःच्या कामात आकाराचा शेवटचा निर्णय दुसऱ्यावर सोपवला, त्याने वर्गातही तो सोपवला असणार. हे मी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामाकडे पाहून म्हणतो. यांकोव्स्की यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला धनुष्यबाण घेऊन सुपरमार्केटमध्ये जाऊन आपले अन्न तिथल्या मालावर बाण मारून मिळवले आणि तो बाण खुपसलेला माल गल्ल्यावर नेऊन त्याचे पैसे चुकते केले. ह्यात शिवलेले कापड नाही, पण एका साध्या वस्तूच्या साहाय्याने शरीराने केलेली कृती, आणि त्या कृतीत नकळत सामील झालेला गल्ल्यावरचा कर्मचारी, हे दोन्ही आहे. जॉन बॉक यांच्या व्याख्यान-प्रयोगांत तर शिवलेल्या, भरलेल्या, अंगात अडकवलेल्या वस्तूंची रेलचेल असते, फक्त वाल्टर यांच्याकडची शांतता तिथे कोलाहलात बदलते. किपेनबर्गर यांच्याविषयी मी फार दावा करणार नाही. ते 1970 च्या दशकात काही वर्षे त्या महाविद्यालयात होते, अनेक शिक्षकांच्या सहवासात होते, आणि शिक्षण पुरे न करता निघून गेले.

सिएरा यांचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यांनी गुरूच्या विचारातला एक न विचारलेला प्रश्न विचारला. वाल्टर यांच्याकडे येणारा माणूस स्वेच्छेने येतो, त्याला वेळ असतो, आणि वस्तू केव्हा खाली ठेवायची हे तो ठरवतो. सिएरा यांनी ज्याच्याकडे असा मोकळा वेळ नाही त्याला मजुरी देऊन उभे केले. स्पेनमधल्या सालामांका येथे 2000 साली त्यांनी व्यसनाधीन असलेल्या चार स्त्रियांना पैसे देऊन त्यांच्या पाठींवर एक सलग, 160 सेंटिमीटर लांबीची रेघ गोंदवली. हे काम पाहून मला संताप येतो आणि तो येणे योग्यच आहे असे मी मानतो. परंतु माणसाचे शरीर हे शिल्पाचे द्रव्य असेल तर त्या शरीराची किंमत कोण ठरवते, हा प्रश्न 'पहिल्या कृतिसंचा'च्या मैदानात उभा राहिला नव्हता आणि तो त्याच वर्गातून आलेल्या विद्यार्थ्याने उभा केला. शिक्षकाच्या मूळ गृहीतकालाच विद्यार्थ्याने हात घालावा, इतकी जागा त्या वर्गात होती, ह्याला मी अध्यापनाचे यश म्हणेन.

शिल्परेषा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. कोरीपाटी यांचा आक्षेप मी व्याख्यानात नक्की घेईन, आणि ओइतिसिका व क्लार्क यांना स्वतंत्र वेळ देईन. एक व्यावहारिक प्रश्न उरतो. वर्गात पाच-सहा मीटर मांजरपाट आणून अशा एक-दोन वस्तू शिवून विद्यार्थ्यांना वापरायला दिल्या, तर त्यातून जे घडेल त्याची नोंद कशी ठेवावी? छायाचित्र काढले की पुन्हा तेच होते. बाहेरून पाहिलेली माणसे दिसतात आणि आतला अनुभव निसटतो.

उत्तररंग

ह्याचे उत्तर स्वतः वाल्टर यांनीच दिले आहे आणि ते पहिल्या प्रतिसादात लिहायला हवे होते इतके महत्त्वाचे आहे. कृतिसंचाच्या काळात त्यांनी मोठ्या संख्येने रेखाटने केली. वस्तू वापरून झाल्यावर त्या अनुभवातून ती उतरत. पेन्सिल, जलरंग आणि हस्तलिखित शब्द यांनी कागदाच्या दोन्ही बाजू भरत. वस्तू कशी दिसते हे त्यांत फारसे नसते. भार कुठे जाणवला, अंतर किती वाटले, दिशा कोणती होती, काळ कुठे संथ झाला, ह्यांची ती टिपणे असतात. छायाचित्रात न येणारा आतला भाग त्यांनी असा पकडला. 2007 ते 2009 ह्या काळात त्यांनी 524 रेखाटनांची एक चित्रित आत्मकथा केली, तिची मुळेही मला ह्याच सवयीत दिसतात.

तेव्हा आपल्या वर्गासाठी माझी सूचना अशी आहे. वस्तू साधी ठेवावी. चार माणसांच्या कमरेभोवती किंवा पाठीमागून जाईल असे रुंद पट्टीचे कडे पुरे आहे. शिवण दुहेरी घालावी, कारण ताण सगळा सांध्यावर येतो आणि तिथे कापड उसवले तर माणसे पाठीवर पडतील. जागा मोकळी आणि जमीन सपाट असावी, शक्य तर वर्गाबाहेर. बोलणे बंद ठेवावे, वेळ मात्र ठरवून देऊ नये, कारण केव्हा थांबायचे हा निर्णय त्यांच्यावर सोपवला नाही तर कामाचा प्राणच जातो. कृती संपल्यावर कोणाशी न बोलता प्रत्येकाने लगेच एका कागदावर रेखाटन करावे, आणि त्यात माणसांची आकृती काढायची नाही एवढा एकच नियम असावा. माती कामाचा सराव असलेल्या मुलांना हे जड जाईल असे मला वाटत नाही. सांगाड्यावर माती चढवताना वजन कुठे उतरते ते त्यांच्या हाताला ठाऊक असतेच.

चौघांची रेखाटने नंतर शेजारी शेजारी लावून पाहावीत. एकाच कड्यात, एकाच वेळी उभ्या असलेल्या चौघांनी भार चार वेगवेगळ्या ठिकाणी दाखवला असेल, आणि फळीवरच्या त्या घडीत काय साठवलेले होते ह्याची चर्चा तिथून सुरू करता येईल.